सगुणाक्काच्या दातांचा व्यायाम

एका जंगलात, मुलांनो, म्हातारं व्हायला कुणाची मदत लागत नसे. ज्याचं त्याने व्हायचं. गुडघे कुरकुरायला लागले की प्राणी समजायचे, झालो म्हातारे. मग कालचंच काम आज जरा हळू करायचं. असं बरीच वर्षं चाललं. नंतर जंगलात सुधारणा आली.

सुधारणेचं सांगतोच. आधी सगुणाक्काची ओळख करून देतो.

सगुणाक्का म्हणजे खार. एका जुन्या चिंचेच्या ढोलीत ती राहायची. सोबत मुलगा दिगंबर, सून सुनंदा आणि तीन नातवंडं. नवरा कधीच वारला होता. पाठीवरचे पट्टे पुसट झाले होते, शेपटी विरळ झाली होती. पण उजाडलं की ती सरसर चिंचेवरून उतरायची, ओढ्याकाठच्या झाडांवर जायची, गाल भरभरून चारोळ्या आणायची आणि ढोलीच्या तोंडाशी बसून फोडायची. कट, कट, कट.

तुम्ही बासुंदीत खाता ती चारोळी, मुलांनो, झाडावर तशी मऊ लोंबत नसते. तिच्यावर दगडासारखं कवच असतं. ते कुणीतरी फोडलेलं असतं म्हणून तुम्हाला दात असल्याची आठवण होत नाही.

दुपारी सगुणाक्का सावरीचा कापूस पिंजायची आणि ढोलीत अंथरायची. कापसाच्या कडेने काथ्याची बारीक वेणी घालायची. वेणीची तशी काही गरज नव्हती. तिला आवडायचं, एवढंच. हे सगळं करताना ती सुनेशी बोलायची, बोलायला सून नसली तर नातवंडांशी, तीही नसली तर चारोळीशी. असा तिचा दिवस जायचा.

एकदा काय झालं, फांदीवरून तिचा पाय सटकला. खाली पानांचा ढीग होता. सगुणाक्का त्यात बुडाली, बाहेर आली, अंग झटकलं आणि पुन्हा वर चढली. पण समोरच्या उंबरावर साळुंकीबाई बसल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. त्या संध्याकाळी मुद्दाम सुनंदाकडे आल्या.

"सुनंदा, सांगू नये पण सांगते. लोक बोलतायत. म्हणे, म्हाताऱ्या सासूला या वयात राबवते."

सुनंदाचा चेहरा उतरला. "कोण लोक?"

"आता नावं कशाला घ्यायची. मीच बोलत होते."

सुनंदा तशी धीराची होती. पण चिंचेपासून उंबरापर्यंत आपलं नाव असं फिरतंय म्हटल्यावर तिला अन्न गोड लागेना. तिने दिगंबरला सांगितलं. दिगंबर दरबारात नोकरीला होता, गळलेल्या पाल्याच्या खात्यात. मुलगा म्हणून फार चांगला. तो लगेच आईपुढे येऊन बसला.

"आई, जन्मभर राबलीस. आजपासून तू काही म्हणजे काही करायचं नाहीस. बसून खायचं."

"बसून खाल्लेलं मला पचत नाही रे."

"पचेल. सवय होईल."

खोटं कशाला बोलू, सगुणाक्काला बरं वाटलं. पोटचा मुलगा एवढ्या मायेने बोलतो म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही? ती बसली.

आता चारोळ्या सुनंदा आणायची आणि सुनंदाच फोडायची. सासूसाठी सोललेले पांढरे दाणे पानावर काढून ठेवायची. कापसाऐवजी दिगंबरने तयार गादी आणली. ती इतकी छान होती की तिला वेणी घालायला कडच नव्हती. सगुणाक्का दाणे खायची आणि समोरच्या फांदीकडे बघायची. फांदी संपली की पुन्हा सुरुवातीपासून बघायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. कठीण काही कुरतडलं की ते झिजतात आणि बेताचे राहतात. मऊ दाणे खाऊन ते झिजणार कसे? सगुणाक्काचे दात वाढत गेले. आधी तोंड मिटेना. मग शब्द नीट येईनात. नातवंडं हसायला लागली तशी तिने बोलणंच सोडलं. पाय आखडले. शेपटी मरगळून पडली. ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली.

दिगंबर घाबरला. त्याने बगळे वैद्यांना बोलावलं. बगळे वैद्य एका पायावर उभे राहून, डोळे मिटून तपासत. त्यामुळे त्यांच्याबद्दल जंगलात फार आदर होता.

"दिवसभर काय करतात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," दिगंबर अभिमानाने म्हणाला. "आम्ही काही करूच देत नाही."

"उत्तम. पण त्यामुळेच हे झालं आहे. या वयात शरीराला व्यायाम हवा, मनाला छंद हवा. आणि दातांना तर चावायला काहीतरी कठीण हवंच हवं."

सगुणाक्काने मान वर केली. वाढलेल्या दातांमधून कसंबसं विचारलं, "मग चारोळ्या फोडू?"

"छे छे. ते काम झालं. काम वेगळं आणि व्यायाम वेगळा."

"फरक काय?"

बगळे वैद्यांनी पाय बदलला. "कामाने जो येतो त्याला थकवा म्हणतात. व्यायामाने येते ती तरतरी."

तर मुलांनो, आता सुधारणा. सिंहमहाराजांना एकदा म्हाताऱ्या प्राण्यांचा कळवळा आला होता. त्यांनी बोडक्या टेकडीखाली एक केंद्र काढलं होतं. नाव सायंतारा ज्येष्ठ प्राणी आनंद केंद्र. त्यावर मोरसरांची नेमणूक केली होती. मोरसर देखणे होते, उत्साही होते आणि अजून तरुण होते, त्यामुळे म्हातारपणाबद्दल त्यांना काही शंका नव्हती.

दिगंबर रोज सकाळी आईला पाठीवर बसवून केंद्रात नेऊ लागला. चालत गेली तर व्यायामाआधीच दमेल, अशी त्याला काळजी.

केंद्रात वेताचं एक मोठं चाक होतं. सगुणाक्काला त्यात ठेवलं.

"धावा, आक्का," मोरसर म्हणाले.

ती धावली. चाक फिरलं. ती थांबली तेव्हा समोर तोच खांब होता.

"कुठे पोचायचंय?" तिने विचारलं.

"कुठेच नाही. म्हणून तर पडायची भीती नाही."

मग तरसाचा हास्यवर्ग असे. तरस जन्मापासून कारणाशिवाय हसत आला होता, त्याला हे पद मिळालं म्हणून तो आणखीच हसायचा. त्यानंतर दातांचा व्यायाम. बाभळीचं एक घोटून गुळगुळीत केलेलं दांडकं सगुणाक्काच्या हातात देत. ते इतकं गुळगुळीत होतं की दात त्यावरून घसरत.

"आता डोळे मिटा," मोरसर सांगत. "कल्पना करा, तुम्ही ओढ्याकाठी चारोळी फोडताय."

"कल्पना कशाला? ओढा तो काय, तिथेच आहे."

"तिकडे जायचं नाही, आक्का. आपण मनाने जायचं. मनाने गेलेलं कुणी पडत नाही."

तिच्या शेजारी दामूअण्णा बसायचे. म्हातारा सुतारपक्षी. अर्ध्या जंगलाच्या ढोल्या त्यांनी कोरल्या होत्या. सगुणाक्काची ढोलीसुद्धा त्यांचीच. आता ते एका रिकाम्या करवंटीवर टोच, टोच, टोच करत बसत.

"हे काय करता, अण्णा?"

"ताल धरतो. पोरांनी झाडं बंद केली. म्हणतात, या वयात मानेला हिसके नकोत."

"आणि याने बरं वाटतं?"

दामूअण्णांनी जरा विचार केला. "सर म्हणतात, वाटतं."

दुपारी दिगंबर तिला घरी आणून सोडायचा आणि दरबारात जायचा. घरी सुनंदा चारोळ्यांचा ढीग घेऊन बसलेली असायची. पावसाळा तोंडावर आला होता. पावसात ओढा फुगला की काठाला जाता येत नाही, म्हणून त्याआधी सगळ्या घराची बेगमी करून ठेवावी लागते. पूर्वी दोघी मिळून करायच्या. आता सगळं सुनंदावर आलं होतं. तिचा जबडा सुजला होता. ओठ फाटला होता.

आणि तिच्यापासून हातभर अंतरावर सगुणाक्का गादीवर बसून दांडकं चावत असायची. मोरसरांनी घरीही सराव करायला सांगितलं होतं.

एका दुपारी पोरं खेळायला गेली होती. सुनंदाने एक चारोळी दातात धरली, डोळे मिटले आणि तशीच थांबली. फोडायचा धीरच होईना. डोळ्यांतून पाणी आलं. तिने तोंड वळवलं, पण सगुणाक्काने पाहिलं होतं.

सगुणाक्काने दांडकं खाली ठेवलं. सरकत सरकत ढिगाशी आली. एक चारोळी उचलली. वाढलेल्या दातांत ती धड बसेना. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली.

कट.

"आई, नको," सुनंदा दचकून म्हणाली. "कुणी पाहिलं तर?"

"आत बसू. भिंतीकडे तोंड करून. मी तशीही तिकडेच तोंड करून बसते."

"पण लोक म्हणतील..."

"लोक चारोळ्या फोडायला येणार आहेत का? तू जरा आडवी हो."

सुनंदा आडवी झाली. पडल्या पडल्या कट, कट, कट ऐकत राहिली आणि तिला गाढ झोप लागली. सगुणाक्काने त्या दुपारी थोडेच दाणे काढले. हिरड्या दुखल्या. रक्तही आलं. पण सुनेला जाग आली तेव्हा सगुणाक्का गुणगुणत होती.

मग हे रोजचं झालं. दुपारी दोघी ढोलीच्या आत बसायच्या. एक फोडायची, एक साली बाजूला करायची, मग उलट. कुणी येतंय असं वाटलं की सगुणाक्का पटकन दांडकं तोंडात धरायची. हळूहळू तिचे दात झिजून बेताचे झाले. तोंड मिटलं. शब्द परत आले. सुरुवात साळुंकीबाईंपासून झाली. त्यांच्याबद्दल साठलेलं सगळं बोलून होईपर्यंत निम्मी बेगमी झाली होती.

बगळे वैद्यांनी डोळे मिटून तपासलं आणि म्हणाले, "दांडक्याचा गुण आला." मोरसरांनी सगुणाक्काला सगळ्यांपुढे उभं केलं आणि तिचे दात दाखवले. तेव्हापासून केंद्रात सगळ्यांना दांडकी मिळाली. ज्यांना दात नव्हते त्यांनाही मिळाली, कारण भेदभाव करायचा नव्हता.

सगुणाक्का गप्प बसली. सुनेचं नाव फिरायला नको होतं.

पण एके दुपारी मोरसर न सांगता घरी आले. सिंहमहाराज केंद्राला भेट देणार होते आणि सगुणाक्काची तयारी करून घ्यायची होती. ढोलीत त्यांनी डोकावून पाहिलं तर सासूच्या दातांत चारोळी, सुनेच्या ओंजळीत साली आणि मागे पांढऱ्या दाण्यांचा ढीग. दांडकं उचलायला वेळच मिळाला नाही.

सुनंदा पांढरी पडली.

"हा माझा छंद आहे," सगुणाक्का घाईने म्हणाली.

मोरसरांचा पिसारा आपोआप फुलला. "आक्का, तुम्ही बोलला नाहीत. केवढी नाजूक कला आहे ही. अखंड दाणा, कुठे ओरखडा नाही. हे जगापुढे यायला हवं. महाराजांच्या भेटीच्या दिवशी प्रदर्शन लावू."

"पण सर, ही पावसाळ्याची..." सुनंदा बोलायला लागली.

"पावसाळ्यात तर कला जास्तच हवी," मोरसर म्हणाले आणि सगळा ढीग माणसं पाठवून उचलून नेला. माणसं म्हणजे माकडं, मुलांनो. माझ्या तोंडून चुकून निघून जातं.

संध्याकाळी दिगंबरने ऐकलं तेव्हा त्याचा ऊर भरून आला. आपली आई कलावंत आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. सुनंदाने विचारलं, "आणि खायचं काय?" तो म्हणाला, "प्रदर्शन झालं की परत देतील."

महाराज यायला उशीर झाला. महाराजांना उशीर होतच असतो. तेवढ्यात पाऊस मात्र वेळेवर आला. ओढा फुगला. काठाची वाट बंद झाली. घरात चिंचोक्यांवर भागवायला लागलं. मोठी पोरं कुरकुर करून खायची. धाकटीला चिंचोका फुटत नव्हता. ती चोखायची आणि भिंतीशी झोपून जायची. तिच्या पाठीवरचे पट्टे हाडांना टेकलेले सगुणाक्काला दिसत होते.

शेवटी महाराज आले. टेकडीखालच्या गुहेत सगळं जंगल जमलं. मधोमध एक भलामोठा फलक होता. त्यावर सगळे दाणे डिंकाने चिकटवून एका मोराचं चित्र केलं होतं. पिसारा तर नुसता दाण्यांचा. खाली पाटी होती, कलाकृतीस हात लावू नये.

महाराजांनी पाहिलं, जांभई दिली आणि विचारलं, "हे खातात का?"

"महाराज, ही कला आहे," मोरसर म्हणाले. "यातून ज्येष्ठांच्या मनाला उभारी मिळते."

"छान. मिळू दे."

मग मोरसरांनी सगुणाक्काला पुढे बोलावलं. "आक्का, महाराजांसमोर दोन शब्द बोला. छंदामुळे तुम्हाला काय मिळालं?"

सगुणाक्का उभी राहिली. तिने शब्द पाठ केले होते. आनंद, समाधान, नवी उमेद. तोंड उघडलं तर समोर पहिल्या रांगेत धाकटी नात बसलेली दिसली. पोरगी महाराजांकडे बघत नव्हती, आजीकडेही बघत नव्हती. पिसाऱ्याकडे बघत होती.

सगुणाक्का वळली. फलकाशी गेली. पिसाऱ्याच्या टोकाचा एक दाणा नखाने खरवडून काढला आणि नातीच्या हातात दिला. पोरीने तो गालात टाकला. आक्काने दुसरा काढला.

थांबवावं तर हे भाषणाचा भाग आहे की काय, हे मोरसरांना कळेना. मोठी नातवंडं पुढे आली. शेजारची पोरं आली. पिसारा गेला, पाठ गेली, मान गेली. मागून दामूअण्णा लंगडत पुढे आले.

"चोच मला चालेल," ते म्हणाले.

सगुणाक्काने चोच त्यांना दिली. फलकावर डिंक उरला.

आता बगळे वैद्य पुढे झाले. त्यांनी एक पाय वर घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"वाईट वाटतं सांगायला," ते म्हणाले. "डोक्यावर परिणाम झाला आहे. कला कोणती आणि खाणं कोणतं, ही ओळखच राहिलेली नाही."

"यावर काही उपाय?" दिगंबरने रडवेल्या आवाजात विचारलं.

"नाही. आता त्यांच्या मनासारखं वागू द्यावं. अडवलं तर आजार बळावतो."

"केंद्राचा उपयोग होण्याच्या त्या पलीकडे गेल्या आहेत," मोरसरांनी जाहीर केलं आणि महाराजांना चाकाकडे नेलं.

सगुणाक्काला काही बोलायचं होतं. तिने सुनेकडे पाहिलं. सुनंदाने मान खाली घातली होती आणि तिचे खांदे हलत होते. जवळच्यांना वाटलं, रडतेय. सासूला तिची मान ओळखीची होती. सून हसत होती. मग सगुणाक्का काही बोलली नाही.

साळुंकीबाई त्याच संध्याकाळी आल्या. "सुनंदा, धन्य आहे तुझी. वेड्या सासूला सांभाळतेस. सगळे म्हणतायत."

"काय करणार," सुनंदा म्हणाली. "ऐकतच नाहीत. आज कापूस आणायला गेल्यात."

तेव्हापासून सगुणाक्काला कुणी अडवलं नाही. ती स्वतःच्या पायांनी चिंचेवरून उतरायची. पहिल्यांदा धाप लागली, अर्ध्या वाटेत बसावं लागलं. ओढा ओसरला तोवर ती काठापर्यंत जायला लागली होती. चारोळ्या आणायची, सुनेबरोबर फोडायची. गादी तिने कुरतडून फेकून दिली आणि पुन्हा कापूस अंथरला. कडेची वेणी या वेळी जरा जाड झाली, कारण नात मदतीला बसली होती.

एक दिवस दामूअण्णा आले. इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "आक्का, हा आजार लागतो कसा?"

"सोपं आहे. चार जणांदेखत काहीतरी उपयोगाचं करा."

दुसऱ्याच दिवशी दामूअण्णांनी केंद्राच्या खांबाला ढोली पाडली आणि त्यात पोपटाचं एक जोडपं राहायला आणलं. बगळे वैद्यांनी त्यांच्यापुढेही हात टेकले. मग एका म्हाताऱ्या सायाळीला आजार झाला, मग एका रानडुकराला. मोरसरांनी दरबाराला कळवलं की साथ भयंकर आहे आणि केंद्रासाठी आणखी चाकं हवीत. दरबाराने चाकं दिली. ती अजून तिथे आहेत. वारा आला की फिरतात.

दिगंबरला मात्र चैन पडत नव्हतं. एका सुट्टीच्या सकाळी तो आईच्या मागोमाग ओढ्यापर्यंत आला. आई वरच्या फांदीवर होती, गाल फुगलेले, शेपटी ताठ. ती खाली उतरेपर्यंत तो मुळाशी उभा राहिला. मग अगदी हळुवारपणे त्याने विचारलं, "आई, मला ओळखतेस का?"

सगुणाक्काने मुलाकडे पाहिलं. त्याच्या कानामागचा केस लहानपणापासून उभा राहायचा, तो आजही उभा होता. खरं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. पण खरं सांगितलं असतं तर तो पुन्हा चांगला मुलगा झाला असता.

"नाही बाबा," ती म्हणाली. "पण घरचाच दिसतोस. उपाशी आहेस का?"

तिने गालातून एक चारोळी काढली, फोडली आणि दाणा त्याच्या हातावर ठेवला. दिगंबर तिथेच बसला आणि रडत रडत त्याने तो दाणा खाल्ला.

तात्पर्य: उतारवयात शरीराला व्यायाम आणि मनाला छंद हवाच. मात्र त्यातून कुणाचं पोट भरणार नाही याकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावं. नाहीतर म्हातारं माणूस बरं होण्याचा धोका असतो.